आवाज चढवला की डॉक्टर धावत येतो. कुणाला सोडून?

भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक मेसेज पाठवला. तुमच्याही ग्रुपवर आला असेल, शब्द थोडे इकडचे तिकडे. मतलब असा: हॉस्पिटलात गोड बोलून काही होत नाही. आवाज चढवा, दहा माणसं न्या, मोबाइल काढून शूटिंग करा. घाबरले की नीट काम करतात. दोन ठेवून दिल्याशिवाय ही माणसं सुधारत नाहीत, आणि मारलं तरी कुणाचं काही होत नाही. गरिबाकडे दुसरा उपाय काय? खाली भाच्याचा प्रश्न: "मावशी, खरं की नाही?"

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत अधिपरिचारिका होते, बरीचशी कोकणातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात. शिव्या भरपूर खाल्ल्या, एकदा सलाईनचा स्टँडही खाल्ला. म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

"आवाज चढवला की आधी बघतात." हे खरं आहे. उगाच नाही कशाला म्हणू? मे महिन्यातली एक रात्र सांगते. बाइकवरून पडलेला पोरगा, गुडघा सोललेला, सोबत आठ-नऊ मित्र. "डॉक्टर कुठाय? माणूस मरतोय इथे!" ड्युटीवर एक मेडिकल ऑफिसर, मी आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. डॉक्टर तिकडे गेले, न जाऊन करणार काय. बाकड्यावर एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती गप्प, मूलही गप्प. धनुर्वाताचं इंजेक्शन आणायला जाताना माझा हात सहज त्याच्या कपाळाला लागला. घामाने थबथबलेलं, आणि हातपाय बर्फासारखे. विंचू चावला होता.

लाल विंचवाचं विष चढलं की असंच होतं. पुढे हृदय दमतं, फुफ्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं, त्याआधी कोकणात अशी किती मुलं हातातून गेली. पण ती गोळी वेळेत पोटात जावी लागते. आमचं मूल वाचलं. मात्र त्याची वीस मिनिटं त्या आरडाओरड्याने खाल्ली होती. ओरडणाऱ्याला आधी बघतात म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी नंतर बघतात, हे मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं.

"घाबरले की नीट काम करतात." हे साफ चुकीचं. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुतळ्यावरचा सराव होता, खरं बाळ नव्हतं. काही पथकांना एका 'परदेशी तज्ज्ञा'ने मधेच टोचून, अपमान होईल असं बोलायचं, एवढाच फरक. त्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. २०१७ साली त्याच मंडळींच्या दुसऱ्या प्रयोगात बोलणारी बाळाची आई होती. निकाल तसाच. शिवी तर दूरच, नुसत्या खोचक बोलण्याने एवढं होतं.

आणि घाबरलेला डॉक्टर काय करतो ते मी स्वतः पाहिलंय. तो लिहीत बसतो. 'पेशंट सीरियस असल्याची नातेवाइकांना कल्पना दिली', खाली सही. मग "आमच्याकडे सोय नाही, मुंबईला न्या", आणि १०८ बोलवायची. एरवी ज्या पेशंटला त्याने रात्रभर सांभाळलं असतं, त्यालाही पुढे धाडायचं. दहा माणसं नेऊन आपण बहुतेकदा ही 'मुंबईला न्या'ची चिठ्ठी कमावतो.

शूटिंगबद्दल थोडक्यात. पाच मिनिटांच्या व्हिडिओत तुमचा राग दिसतो, काय औषध दिलं ते दिसत नाही. आणि शेजारच्या खाटेवरची बाई उघडी पडते ती वेगळीच. पुरावाच हवा असेल तर केसपेपरची प्रत मागा, लेखी. अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

"मारलं तरी काही होत नाही." महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी वेगळा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, मोडलेल्या मशीनची दुप्पट भरपाई. खटले रेंगाळतात, हे मान्य. पण गुन्हा नोंदवलेला पोरगा नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला जातो तेव्हा काय होतं, ते त्याच्या आईला विचारा. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात जमावाने एका निवासी डॉक्टरला मारलं, डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्या दिवसांत सरकारी हॉस्पिटलांच्या ओपीडीतून परत फिरलेले लोक कोण होते? ज्यांच्या नावाने हा मेसेज गळा काढतो, तेच.

"...त्याशिवाय सुधारत नाहीत." ऑक्टोबर २०२३, नांदेड. सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात. खासदार हेमंत पाटील गेले आणि कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांना, म्हणजे तिथल्या डीनना, शौचालय साफ करायला लावलं. लोकांचा राग खरा होता, त्याला कारणही होतं. पण अधिष्ठात्याच्या हातात झाडू दिल्याने एक रिक्त जागा भरली का? त्या जागा मंत्रालयातून भरतात. राग नेहमी हाताशी असलेल्या माणसावर निघतो, आणि रात्री हाताशी असते सिस्टर.

आता आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर माझ्या जुन्या सहकारी उगाच खूश व्हायच्या. मी पाहिलेल्या बहुतेक हाणामाऱ्यांच्या आधी दोन-तीन तास कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारा" हे वाक्य मी स्वतः हजार वेळा बोलले असेन. बाप आत, पडदा ओढलेला, बाहेर येणारा प्रत्येक जण मान खाली घालून जातो. माणूस भडकेल नाही तर काय? २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आलंय. आमच्या पिढीला ते कुणी शिकवलं नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी दर तासाला बाहेर येऊन फक्त एवढं म्हणायचे, "काका, अजून रिपोर्ट नाही आला, मी पुन्हा येते." रिपोर्ट त्याने लवकर येत नसे, पण काका खाली बसत.

राहिला शेवटचा प्रश्न, गरिबाकडे दुसरा उपाय काय. खासगी हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही. राज्याचे २०२१ चे नियम आहेत. धर्मादाय हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तिथला समाजसेवक गाठा. पुढे मेडिकल कौन्सिल आहे, ग्राहक आयोग आहे. वेळ लागतो, हो. पण हे सगळं नंतरचं.

त्या रात्री काय करायचं? घरातला एकच माणूस पुढे करा, बाकीचे बाहेर. त्याने तीनच गोष्टी विचारायच्या: आत्ता काय चाललंय, कशाची वाट बघतोय, आणि पुन्हा कोण, किती वाजता सांगणार. सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या. त्या वेळेला कुणी आलं नाही तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाची पाटी त्यांच्या दारावर असते.