बफेलोचं रीडेव्हलपमेंट

डोंबिवलीतली बाबांची बिल्डिंग २०१३ साली रीडेव्हलपमेंटला गेली आणि २०१४ साली मी नोकरीसाठी बफेलोला आलो. दोन्हीकडे जुनं पाडून झालं होतं. नवं यायचं होतं.

बफेलो हे न्यूयॉर्क राज्याचं पार पश्चिमेकडचं टोक. नायगारा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे उन्हाळ्यात घरी पाहुण्यांचा राबता असतो. हिवाळ्यात मात्र कुत्रं फिरकत नाही. तेव्हा विरंगुळ्याला दोनच गोष्टी: दारातला बर्फ फावड्याने उपसणं आणि सेबर्स या आमच्या आइस हॉकी संघाला हरताना बघणं. पहिल्याने निदान कंबर तरी धरते, काहीतरी केल्यासारखं वाटतं.

२६ मार्च २०१५. ऑफिसातल्या मंडळींनी मला पहिल्यांदा सामन्याला नेलं. समोर ॲरिझोनाचा संघ. आमचा संघ गुणतक्त्यात तळाला, ॲरिझोना त्याच्या जेमतेम वर. ठरलेला वेळ बरोबरीत संपला, जादा वेळ सुरू झाला आणि ॲरिझोनाने गोल मारला. मी लगेच तेराव्याला शोभेल असा चेहरा केला. बघतो तर आमचेच कितीतरी लोक, आमच्याच संघाच्या जर्सी घालून, उभे राहून टाळ्या पिटताहेत! शेजारच्या सहकाऱ्याने मला मिठी मारली. मीही मारली. परक्या गावात नाही म्हणू नये.

खुलासा मध्यंतरात नव्हे, पार्किंगमध्ये झाला. एनएचएल या आमच्या आइस हॉकी लीगमध्ये दरवर्षी, बहुतेकदा जूनमध्ये, अठरा वर्षांच्या आसपासची पोरं संघांना वाटतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. पहिली निवड कोणाची, हे लॉटरीने ठरतं आणि जो संघ सगळ्यात शेवटी, त्याच्या चिठ्ठ्या जास्त. त्या वर्षी कॉनर मॅकडेव्हिड नावाचं रत्न येणार होतं. म्हणून हरायचं. हरण्यात कसूर करायची नाही.

मी हे बाबांना फोनवर सांगितलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मुद्दाम हरतात? मग तुम्ही तिकीट कसलं काढता?"

शेवटून पहिलं येऊन आमच्या वाट्याला शक्यता आली २० टक्के. उरलेल्या ८० टक्क्यांकडे अख्ख्या गावात कोणी पाहिलंच नाही. यंत्रात १४ चेंडू, त्यातले चार काढायचे, १००१ जोड्या होतात, त्यातली एक बाद. इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने मॅकडेव्हिड गेला एडमंटनला. त्यांची शक्यता होती साडेअकरा टक्के. आणि २०१०, २०११, २०१२ अशा तिन्ही वर्षांची पहिली निवड आधीच त्यांच्या खिशात! ज्याचे तीन फ्लॅट आहेत त्यालाच म्हाडाची लॉटरी लागावी, तसं.

आम्हाला दुसऱ्या क्रमांकावर जॅक आयकेल मिळाला. पोरगा उत्तम. मग २०१८ मध्ये आम्ही पुन्हा तळाला. या खेपेला लॉटरीही लागली, रास्मुस डालीन आला. २०२१ मध्ये पुन्हा तळ, पुन्हा पहिली निवड, ओवेन पॉवर आला. प्रत्येक वेळी शेजारचे आजोबा कुंपणावरून सांगायचे, "आता फक्त तीन वर्षं." हे आजोबा जन्मभर प्लंबर होते, गळती काढण्याविषयी त्यांचा शब्द मी मानत आलो. पण तिकडे डोंबिवलीतही बिल्डर दर गणपतीला "पुढचा गणपती नव्या घरात" म्हणत होता. त्याने दिलेलं माहितीपत्रक बाबांनी भाड्याच्या घरातल्या फ्रिजवर चिकटवलं होतं. त्यावर निळाशार तरणतलाव आणि त्याच्या काठाने धावणारा एक गोरा माणूस. डोंबिवलीत हा कुठून येणार, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमची पोरं सासरी गेली की बाळसं धरतात, हा आणखी एक ताप. २०१८ मध्ये रायन ओ'रायलीने हंगाम संपल्यावर कबूल केलं की, हरण्याची सवय इथे मुरली आहे, आपल्यातही उतरली आहे, खेळावरचं प्रेमच मधूनमधून उडत होतं. त्याला सेंट लुईसला धाडलं. पुढच्याच वर्षी त्याने तिथे स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, वर प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडूही ठरला. आयकेल व्हेगसला गेला, २०२३ मध्ये कप. सॅम राइनहार्ट फ्लोरिडाला गेला, २०२४ आणि २०२५, दोन कप. आणि शिकागोला तीन कप मिळवून देणारा पॅट्रिक केन? तो जन्माने बफेलोचाच. आम्ही जूनमध्ये पोरांचं बारसं करतो, लाडू दुसऱ्याच गावात वाटतात.

आजोबा पिट्सबर्गचा दाखला देतात. सिडनी क्रॉस्बी २००५ च्या ड्राफ्टमधला पहिला, माल्किन २००४ मधला दुसरा, दोघांचे मिळून तीन कप. खरं आहे. पण तो क्रॉस्बी अठराव्या वर्षी पिट्सबर्गला आला तेव्हा राहिला कुठे? मारिओ लेम्यूच्या घरी, त्याच्या बायकापोरांत. लेम्यू म्हणजे १९८४ चा पहिला, संघाचा मालक आणि तेव्हा अजून खेळतही होता. घरात वडीलधारं माणूस होतं हो! आमच्याकडे पोरगं येईपर्यंत जुने भाडेकरू सगळे बाहेर काढलेले. त्या अठरा वर्षांच्या जिवाने जिंकणं बघायचं तरी कोणाचं?

मे २०२५. सलग १४ हंगाम प्लेऑफ नाही, हा लीगचा विक्रम आमच्या नावावर. या वेळी आम्हाला शेवटून पहिलं येणंही जमलं नव्हतं. शेवटून नववे होतो. तरी आजोबांनी लॉटरी बघायला बोलावलं. चिकन विंग्ज, सेलरी, ब्लू चीज. चेंडू टीव्हीवर थेट उडताना दिसत होते. आजोबांच्या बोटांना लाल सॉस, ओठ पुटपुटताहेत. आणि पहिली निवड लागली शेवटून दहाव्याला, न्यूयॉर्क आयलँडर्सना! साडेतीन टक्के! आमच्या मागे रांगेत उभा असलेला माणूस आमच्या डोक्यावरून खिडकीपाशी गेला. आजोबांनी विंग परत ताटात ठेवली. अर्धी खाल्लेली.

जूनमध्ये नवव्या क्रमांकावर आम्ही चेक देशातला राडिम मर्त्का घेतला. मी बाबांना फोन केला.

"बचावपटू आहे. अठराचा. उंची जवळजवळ दोन मीटर."

"आमचाही टॉवर उंच होणार आहे," बाबा म्हणाले. "खेळणार कधी?"

"दोन-तीन वर्षं लागतील."

पलीकडे जरा शांतता. मग त्यांनी विचारलं, "तोवर तुम्हाला भाडं देतात का रे?"

"नाही बाबा. आम्हीच देतो. तिकिटाचं."

"मग आमचा बरा," बाबा म्हणाले. "पहिली तीन वर्षं तरी देत होता."