सिम कुणाच्या नावावर, मोबाइल कुणाच्या हातात?

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर अधूनमधून येतच असतो. सरकारने म्हणे नवा कायदा केला, आता १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी, आणि स्वतःच्या नावाचं प्रीपेड सिम मुलाला दिलं तर आईवडिलांना तीन वर्षं तुरुंग व ५० लाख दंड. यातलं खरं एवढंच, की अठरा पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही.

तेही नवं नाही. सिम घेताना भरलेला अर्ज (हल्ली दुकानदारच फोटो काढून भरतो) हा कंपनीशी केलेला करार असतो. करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याच्या कलम ११ प्रमाणे सज्ञान माणसालाच करार करता येतो. अज्ञानाचा, म्हणजे सज्ञान नसलेल्याचा, करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं अपिलाचं सर्वोच्च न्यायालय) १९०३ मध्ये मोहरीबीबी खटल्यात सांगून टाकलं. सप्टेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाचे आदेश निघाले, तेव्हा ‘आता अठराखालच्यांना सिम नाही’ असे मथळे झळकले. त्या आदेशांतलं नवं काही होतं ते कागदाऐवजी डिजिटल केवायसी, घरपोच सिम आणि ओटीपीवर प्रीपेडचं पोस्टपेड. पण असल्या मथळ्यावर कोण क्लिक करणार!

‘मोबाइल वापरायला बंदी’ असा देशात कायदा नाही. यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत असा ठराव केला होता, पण तो त्या गावाचा ठराव. शाळेची बंदी शाळेपुरती.

आता ५० लाख. हा आकडा हवेतला नाही, म्हणूनच लोक घाबरतात. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये तो आहे, पण फसवणूक करून किंवा दुसऱ्याची बतावणी करून सिम मिळवणाऱ्यासाठी. शिवाय ती कमाल मर्यादा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईने स्वतःचं आधार दाखवून, स्वतःच्या नावावर सिम घेतलं आणि लेकीला क्लासला जाताना दिलं, यात बतावणी कुठे आली? कलम लागू शकतं ते अनोळखी माणसाच्या कागदपत्रांवर आधीच चालू करून ठेवलेलं सिम कुणी जाणूनबुजून घेतलं तर. कॉलेजच्या पोरांना असली सिमं सहज मिळतात, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नसतं.

आईवडील मोकळे, असा याचा अर्थ नाही. त्या नंबरवरून काही भानगड झाली तर पोलीस आधी नोंदणी असलेल्याच्या दारात येणार. एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिमं चालतात. जम्मू-काश्मीर, आसाम व ईशान्येत सहा. आपल्या नावावर किती आहेत ते ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. मुलांना सिम देणाऱ्यांनी ते बघून घ्यावं.

तक्रारच करायची तर माझी वेगळी आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली. मात्र त्या खात्याचा ओटीपी ज्या सिमवर यायचा, ते अठरापर्यंत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर.