दोन किलोंत चांदी किती?

काल कट्ट्यावर धाकट्याने फोन पुढे केला. फोटोत मेणबत्तीचे दोन उंच स्टँड होते, बुडाशी 'स्टर्लिंग' असा ठसा. "दोन्ही मिळून दोन किलो भरले. चांदीच्या भावाच्या निम्म्यात पडले!"

मास्तरांनी फोटो मोठा करून पाहिला. "ठशाच्या पुढचा शब्द वाच."

"वेटेड."

"म्हणजे आत सिमेंट किंवा राळ, वरून चांदीचा पातळ पत्रा. दोन किलोंतलं बहुतेक वजन त्या भरावाचंच."

धाकट्याचा चेहरा उतरला आणि बँकवाल्याला जोर चढला. "म्हणून सांगतो, ९९९ ची, म्हणजे हजारात ९९९ भाग चांदीची वीट घ्या. वजन छापलेलं, कस छापलेला. स्टर्लिंगमध्ये हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. तांब्याचे पैसे कशाला भरायचे?"

"कोण भरतंय?" जुने स्टर्लिंगचे काटे-चमचे घेणारे मास्तर म्हणाले. "साठ ग्रॅमचा एक, असे बारा काटे. ७२० ग्रॅम. त्याला ०.९२५ ने गुणलं की शुद्ध चांदी ६६६ ग्रॅम, साधारण २१.४ ट्रॉय औंस (सोन्या-चांदीचं माप, सुमारे ३१.१ ग्रॅमचं). तेवढ्या चांदीच्या भावापेक्षा जास्त मागितले की मी उठतो. विटेवर भावाच्या वर पैसे मोजावे लागतात, जुना काटा कधी कधी भावाखाली मिळतो."

"आणि विकताना? गाळणारा घट धरणार, वर त्याचा नफा."

इथे बँकवाल्याचं बरोबर होतं आणि मास्तरांनी ते मान्यही केलं. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. घेतानाची सूट विकतानाच्या कपातीपेक्षा मोठी नसेल, तर तो छंद आहे. छंद म्हणून छानच, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

मग मास्तर रंगले. सुरी सहसा नकोच, पातं स्टीलचं आणि मूठ आतून भरलेली. काटे-चमचे भरीव, तेच उत्तम. 'ईपीएनएस' दिसलं की ठेवून द्यायचं: निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा, आणि निकेल सिल्व्हरमध्ये नावापुरतीही चांदी नसते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणून खूश व्हायचं नाही, तांब्या-पितळेलाही तो चिकटत नाही. इंग्लंडच्या मालावर चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एका अक्षरावरून वर्ष कळतं. छाप घासून गुळगुळीत झाले असतील तर किंमत फक्त धातूची.

बँकवाला हटेना. "जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट या धनाढ्य बंधूंच्या साठेबाजीत औंसाला जवळजवळ ५० डॉलर झाले होते. २७ मार्चला अकराच्याही खाली. तेव्हा वरच्या भावात घेतलेल्यांचं काय झालं?"

"बुडाले," मास्तर म्हणाले. "पण त्याच तेजीत किती जुनी भांडी भट्टीत गेली! वीट पुन्हा ओतता येते. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचा ठसा पुन्हा उमटत नाही."

"म्हणजे तुम्ही विकणारच नाही."

मास्तर क्षणभर थांबले. "साधे चमचे विकेन. ठशाचे चार आहेत, ते नाही."

मला दोघांचंही पटलं. फक्त मास्तरांचे ते चार चमचे हिशेबाच्या वहीत धरायचे नाहीत, एवढंच.

धाकटा मात्र कधीचा गप्प होता. माल परत करायची मुदत आज रात्रीपर्यंत होती आणि तो विक्रेत्याला निरोप लिहीत होता.