21 दिवसांचा धाक

'शिस्तीची पाच सूत्रं' नावाचा मेसेज सध्या आमच्या नौपाड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. म्हणणं असं: कुठलीही सवय 21 दिवसांत पक्की होते, हे शास्त्राने सिद्ध झालंय, एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा एकपासून, यशस्वी माणसं पहाटे 4 ला उठतात, अंथरुणाची घडी न घालणाऱ्याला स्वाभिमान नसतो, आणि आंघोळ बारा महिने थंड पाण्याने. खाली गुलाबाचं फूल. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण हे माझ्या भाचीने मनावर घेतलं, म्हणून लिहितेय.

भाची कळव्याला राहते, नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. तरी नेमाने बारा सूर्यनमस्कार घालायची. मग एकदा बदलीची मुलगी आली नाही, हिला सलग दुसरी पाळी करावी लागली, आणि त्या दिवशीचे नमस्कार राहिले. झालं! 'मोजणी एकपासून.' तिने नमस्कार सोडूनच दिले. वर मला म्हणते, "मावशी, माझ्यात शिस्तच नाही गं." रात्रभर दुसऱ्यांची सलाइनं बदलणाऱ्या मुलीच्या तोंडी हे वाक्य घालणाऱ्या मेसेजला सुविचार कोण म्हणेल?

शास्त्राचंच नाव घेतलंय, तर शास्त्र काय म्हणतं तेही बघू. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे एकेक छोटी सवय लावून घ्यायला सांगितली. खाण्याची, पाणी पिण्याची नाहीतर व्यायामाची, पण रोज ठरावीक वेळेला जोडलेली, म्हणजे नाश्त्यानंतर वगैरे. ती आपसूक व्हायला लागलेले दिवस: सर्वांत कमी 18, सर्वांत जास्त 254 (हा आकडा 12 आठवड्यांच्या नोंदींवरून पुढे काढलेला अंदाज), आणि मधला आकडा 66. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हा निबंध 2010 सालचा आहे. म्हणजे सूत्र नंबर एक आणि दोन, दोन्ही निकालात. भाचीला मी हेच सांगितलं: घड्याळ सोड, पाळी कुठलीही असो, घरी येऊन हातपाय धुतलेस की नमस्कार घाल. राहिले तर दुसऱ्या दिवशी घाल. प्रायश्चित्त नको.

मग 21 आले कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला कमीत कमी 21 दिवस लागतात, असं त्यांनी 1960 साली लिहिलं. त्यातलं 'कमीत कमी' गळालं, 'चेहरा' गळाला, आणि उरलेला आकडा सूर्यनमस्काराला चिकटवला.

पहाटे 4 चं तर बोलूच नका. तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माथाडी कामगार त्याच्याही आधीपासून गोण्या उतरवत असतात. त्यांचे फोटो लावून यशाचा मेसेज कुणी केलेला मी तरी पाहिला नाही. आणि जो घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रात्री दहाला घरी पोचून बाराला आडवा होतो, त्याने चारला उठायचं म्हणजे झोप चार तास. मोठ्या माणसाला किमान सात लागते.

अंथरुणाच्या घडीबद्दल, बरं, अर्धं मान्य. सकाळी एक काम पूर्ण झालं की बरं वाटतं. आपण ठरवलेलं आपल्या हातून होतं हे स्वतःलाच दिसतं, आणि स्वतःबद्दलचा विश्वास अशा बारीकसारीक गोष्टींतून वाढतो हे मीही मानते. पण म्हणून घडी न घालणाऱ्याला स्वाभिमान नाही? आमच्याकडे एका खोलीत चौघं झोपायचे, एक कामावरून यायचा तेव्हा दुसरा उठायचा. घडी घालायला अंथरूण रिकामं तर व्हायला हवं!

राहता राहिलं थंड पाणी. गच्चीवरच्या टाकीतून मे महिन्यात दुपारी नळाला जे येतं त्याने आंघोळ करून दाखवा, मग बघू.