आजी असेल तरच अर्ज भरा

टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेत उतरायचं ठरवलंत? अभिनंदन! आता आधी स्वयंपाक शिकायचं खूळ डोक्यातून काढा. स्वयंपाक येणारे रग्गड मिळतात. वाहिनीला हवी असते गोष्ट, आणि गोष्टीला लागते आजी. तिच्या हाताची चव, तिनं चोरून भरवलेला घास, तिची डाग पडलेली वही. आजी हयात आणि ठणठणीत असेल तर जरा पंचाईत आहे; निदान ती फार लांब राहते एवढं तरी सांगा. तिला स्वयंपाकाचा मनापासून कंटाळा होता, हे मात्र खरं असलं तरी बोलू नका. नोकरी सोडून आला असाल तर उत्तम. घरच्यांचा विरोध असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल, तर घरी विनंती करून थोडा विरोध करवून घ्या.

रडण्याचंही नियोजन हवं. कांदा चिरतानाचं रडणं फुकट जातं. रडायचं ते एकट्याला कॅमेऱ्यासमोर बसवतात तेव्हा. हे बोलणं बहुतेकदा शेगड्या विझल्यावर चित्रित होतं. निकाल तुम्हाला ठाऊक असतो, तरीही डोळे भरून म्हणायचं, "मला वाटतंय, आज मी घरी जाणार." वर्तमानकाळाचा हा उपयोग शाळेत कुणी सांगितला नव्हता. कपडे मात्र स्वयंपाक करतानाचेच घाला, नाहीतर एका पदार्थात तुमचा शर्ट दोनदा बदललेला दिसेल.

पदार्थाकडे वळायलाच हवं का? बरं. ताट मोठं घ्या, पदार्थ चमचाभर, आणि वर चिमट्यानं एक पान. केक मोडला तर रडू नका, त्याला 'डिकन्स्ट्रक्टेड', म्हणजे मुद्दाम सुटासुटा मांडलेला, म्हणा. द्रवरूप नायट्रोजन मिळाला तर सोडू नका. तो उणे 196 अंश सेल्सिअसला उकळतो, त्यामुळे आइस्क्रीम मिनिटांत गोठतं. पण हा किरकोळ फायदा. खरा फायदा त्या पांढऱ्या धुराचा. तो धूरही नसतो म्हणा, हवेतलं बाष्प गारठून झालेलं धुकं असतं, पण फाटलेलं कस्टर्ड झाकायला पुरतं.

गरमागरम वाढण्याचा हट्ट सोडा. आधी कॅमेरा तुमचं ताट सावकाश, चहूबाजूंनी बघणार. मग बाकीच्या स्पर्धकांची पाळी. परीक्षकांचा चमचा तुमच्यापर्यंत येईस्तोवर सूप थंड, आइस्क्रीम कोमट. म्हणून तर परीक्षक तुम्ही रांधत असतानाच पातेल्यात चमचे बुडवत फिरतात. तेव्हा हसऱ्या चेहऱ्यानं बाजूला व्हा, आणि "मीठ घालायचंय अजून" असं पुटपुटू नका. घड्याळाचे शेवटचे दहा सेकंद उरले की काम संपलेलं असलं तरी धावा.

मग परीक्षक घास घेतात, चमचा खाली ठेवतात आणि कुठेतरी दूर बघत राहतात. घाबरू नका. ते विचार करत नसतात, इथे जाहिराती येणार असतात.

हरलात तर? भाग दाखवला जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं तुम्ही करारावर सही करून कबूल केलेलं असतं. शेजारी खोदूनखोदून विचारतील, काकू डोळे मिचकावतील. तुम्ही फक्त गूढ हसा. जिंकलेलाही सध्या तेच करतोय.