आर्क्टिक ३.१, भारत ०.७: पण मोजायला सुरुवात कधीपासून?

हवामानबदलावरच्या एका लेखात आर्क्टिकची (उत्तर ध्रुवाभोवतीच्या भागाची) सरासरी तापमानवाढ ३.१ अंश आणि भारताची ०.७ अंश शेजारीशेजारी देऊन ‘आपण तुलनेने सुखात’ असं म्हटलंय. आकडे बरोबर आहेत, तुलना मात्र फसलीय. पहिला आकडा १९७१ ते २०१९चा, म्हणजे जेमतेम पन्नास वर्षांचा. दुसरा १९०१ ते २०१८चा. एकाचं दहावीचं मार्कशीट आणि दुसऱ्याचं बालवाडीपासूनचं प्रगतिपुस्तक!

आर्क्टिक जास्त वेगाने तापतोय, यात वाद नाही. पांढरा बर्फ वितळला की खालचं काळं पाणी ऊन शोषतं, आणि तीच उष्णता शरद-हिवाळ्यात हवेत परत येते. म्हणून तिथली वाढ थंडीच्या महिन्यांत जास्त दिसते. आपल्याकडे उलट हवेतल्या धूलिकणांनी आणि धुराने काही ऊन अडवलं, त्यामुळे वाढ थोडी दबली. हवा स्वच्छ झाली (व्हायलाच हवी) की हे झाकणही निघणार.

शिवाय मुळात थंड जागी तीन अंश आणि मुळात तापलेल्या जागी पाऊण अंश, हे सारखं कसं मोजायचं? मी नागपूरचा. मे महिन्यात कूलरची टाकी दुपारी एकदा भरली तरी संध्याकाळपर्यंत पंप कोरडा घरघरतो. वार्षिक सरासरीत ती दुपार डिसेंबरच्या पहाटेबरोबर मिसळून जाते.