चाळिसातला एक

सायकलच्या आजारांमध्ये पंक्चरला मान आहे. ऑफिसात उशिरा पोचून 'पंक्चर झाली' म्हटलं की साहेबसुद्धा समजुतीने मान हलवतो. रस्त्यात पंक्चर काढायला बसलं तर घमेल्यातले बुडबुडे बघायला दोन-चार माणसं थांबतात, त्यातला एक जण 'इथून येतंय बघा' म्हणून बोटही दाखवतो. चेन पडली तर काळे हात पुरावा म्हणून मिरवता येतात. ब्रेक लागला नाही तर माणूस थेट कथेचा नायक होतो. पण 'स्पोक तुटला' असं कुणाला सांगून बघा. समोरचा थोडा वेळ पुढच्या वाक्याची वाट बघतो. पुढचं वाक्य नसतंच. मग तोच विचारतो, "बरं, मग?"

माझा तुटला तो कर्वे रस्त्यावर. नळस्टॉपच्या सिग्नलला पाय टेकून उभा होतो, हिरवा झाला, पेडलवर जोर दिला आणि मागून 'टण्ण' असा स्वच्छ, सुरेल आवाज आला. शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "काका, तुमचं काहीतरी पडलं." पडलेलं काहीच नव्हतं. मागच्या चाकातला एक स्पोक हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याजवळच्या, वाकात तुटला होता आणि त्याचं मोकळं टोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला फ्रेमवर टिचकी मारत होतं. टिक, टिक, टिक. चाक किंचित डुलायला लागलं होतं. एवढंच. याला अपघात म्हणता येत नाही, आणि नुसतं दुर्लक्षही करता येत नाही.

घरी सांगितलं. बायकोने कणीक मळता मळता विचारलं, "एकूण असतात किती?"

"मागच्या चाकाला चाळीस."

"आणि पुढच्या?"

"बत्तीस."

"म्हणजे पुढचं चाक बत्तिसांवर चालतं आणि मागच्याला एकोणचाळीस पुरत नाहीत?"

याला शास्त्रीय उत्तर आहे. माणसाचं बरंचसं वजन मागच्या चाकावर येतं, दळणाचा डबा मागेच असतो आणि पेडलचा सगळा जोरही तेच चाक सोसतं. म्हणून जुन्या ब्रिटिश सायकलींपासून ही 32 आणि 40 ची वाटणी चालत आली आहे. पण हे सांगून होईपर्यंत कुकरची शिट्टी झाली आणि निकालही लागला. "कर्वेनगरला ते पेंडसेंचं सायकल संग्रहालय आहे ना, तिथे देऊन टाका. तिथे चालवायची नसते."

दुसऱ्या दिवशी एका चकचकीत दुकानात गेलो. भिंतीवर सायकली चित्रांसारख्या टांगलेल्या. टी-शर्टवाला मुलगा अदबीने पुढे आला. "सर, बाईक कुठली आहे?"

"सायकल आहे."

"हो सर, बाईक."

शेवटी तो स्वतःच बाहेर आला. माझी काळी, अठ्ठावीस इंची, चेनकव्हरवाली सायकल त्याने पुढून बघितली, मागून बघितली. "गिअर?"

"नाहीत."

"ओह, सिंगल स्पीड!" त्याच्या चेहऱ्यावर एकदम आदर उमटला. "लोक मुद्दाम गिअर काढून घेतात, सर. तुमची ओरिजिनल आहे?"

"जन्मजात," मी म्हणालो.

आदर तेवढ्यापुरताच होता. एक स्पोक बसवायचं काम त्यांच्याकडे करत नाहीत, म्हणाला. पूर्ण चाकच बदलू, अलॉय रिम, डबल वॉल. त्याने सांगितलेल्या रकमेत मी ही अख्खी सायकल घेतली होती आणि वर सोसायटीत पेढे वाटले होते.

पेढे खाणाऱ्यांमध्ये तळमजल्यावरचे काका होते. कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोरून मोडकी वस्तू घेऊन जाणं म्हणजे त्यांना नेमणूकपत्र देणं. त्यांनी पार्किंगमध्येच मला अडवलं, सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी केली आणि चाकाला एक गरका दिला.

"हे चाक मुळात विमानासाठी निघालं, माहीत आहे का तुम्हाला?"

मी मंडईतून भाजी आणतो त्या चाकाबद्दल हे ऐकून जरा ताठ उभा राहिलो. जॉर्ज केली नावाच्या इंग्रजाला 1808 साली उडत्या यंत्राखाली बसवायला हलकं चाक हवं होतं. त्याने जाड लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्यांची कल्पना मांडली. पुढे तारा आल्या, पण त्या आसापासून सरळ रिमकडे जायच्या. 1874 साली जेम्स स्टार्लीने त्या तिरक्या लावून एकमेकींवरून ओलांडून नेल्या, तेव्हा कुठे आसाचा पीळ रिमपर्यंत नीट पोचायला लागला. काका हे सगळं केली आणि स्टार्ली त्यांच्याच शिफ्टला असल्याप्रमाणे सांगत होते.

"आता सांगा. तुम्ही सीटवर बसता तेव्हा हब वरच्या तारांना लटकलेला असतो की खालच्या तारांवर उभा असतो?"

"लटकलेला. तारेवर कोण उभं राहणार?"

"चूक!" काका इतके खूश झाले की तुटलेला स्पोक ते विसरलेच. म्हणे, वजन आलं की वरच्या तारांचा ताण जवळजवळ आहे तसाच राहतो. कमी होतो तो जमिनीकडच्या चार-दोन तारांचा. म्हणजे भार पेलतात त्या खालच्या. प्रत्येक तार खाली आली की सैलावते, वर गेली की पुन्हा ताणते. असं किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास वेळा. मग एक दिवस लोखंड थकतं आणि वाकाच्या जागी तुटतं. त्यातही आधीच सैल असलेली तार लवकर जाते. सगळ्यात जास्त काम करणारा आधी मोडतो अशी माझी समजूत होती. आमच्या ऑफिसातही तशीच आहे, पण ते असो.

तोवर पार्किंगमध्ये दोन पक्ष पडले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाई भाजीची पिशवी घेऊन 'लटकतो' पक्षात सामील झाल्या. त्यांच्या मते मूळचा ताण हिशेबात धरला की काका खोटे पडतात. वॉचमन 'उभा' पक्षात गेला. दिवसभर उभं राहून भार पेलण्याचा अनुभव त्याच्याइतका कुणालाच नव्हता. सेक्रेटरींनी हा विषय पुढच्या सभेत घ्यावा अशी सूचना आली. स्पोक कुणी बसवायचा याबद्दल मात्र एकही सूचना आली नाही.

मग काकांनी चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढायला घेतला. नवा स्पोक नव्हता, तरीही. मोडलेला स्पोक उजवीकडचा, म्हणून रिम डावीकडे ओढली गेलेली. तेव्हा आजूबाजूच्या डाव्या तारांची निप्पलं, म्हणजे रिमकडच्या टोकाच्या छोट्या चाक्या, सैल करायची, हा विचार बिनचूक होता. गोची एवढीच की निप्पल टायरच्या बाजूने बघितलं तर एका दिशेने आवळतं आणि हबच्या बाजूने बघितलं तर बरोबर उलट्या. काका हबच्या बाजूला बसले होते. आधी नुसतं डुलणारं चाक अर्ध्या तासात फ्रेमला घासायला लागलं. "आता दोष स्पष्ट दिसतोय," काका म्हणाले.

एरंडवण्यात एका झाडाखाली मामांची टपरी आहे. पत्र्याची पेटी, हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि पेटीच्या झाकणावर पैसे घ्यायचा क्यूआर कोड. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला काका म्हणतात. दोघांपैकी मोठं कोण हे आम्ही दोघांनीही कधी काढलेलं नाही. सायकल ढकलत नेली. तळमजल्यावरचे काका देखरेखीला बरोबर आले.

मामांनी चाक फिरवलं आणि जगातल्या सगळ्या मेकॅनिकांचा पहिला प्रश्न विचारला, "कुणी हात लावला याला?"

काका झाडाच्या फांद्या बघू लागले.

स्पोक चेनच्या बाजूचा, म्हणजे फ्रीव्हील, मागच्या चाकावरचं चेनचं दातेरी चक्र, उतरवल्याशिवाय नवा आत जाणार नाही. आणि फ्रीव्हील अशा स्वभावाचं असतं की पेडल मारू तसं ते आवळत जातं. इतकी वर्षं प्रत्येक चढावर मी घेतलेले कष्ट तिथे साठलेले होते. मामांनी शिकंज्यात पुलर पकडला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि आम्ही तिघांनी तीन बाजूंनी रिम धरून जोर लावला. पहिल्यांदा नुसती पेटी फिरली. मग एका पोराला पेटीवर बसवलं. कडाक्कन आवाज झाला, मी डोळे मिटले, आणि फ्रीव्हील सुटलं होतं.

त्या पोराने मजुरी म्हणून तुटलेला स्पोक मागून घेतला. मोडक्या स्पोकचं काय करायचं हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. निप्पलमध्ये काड्यापेटीचा गूल भरून, वर खिळा बसवून दगडावर आपटला की फटाका होतो. शिवाय गटाराच्या जाळीत अडकलेला चेंडू काढता येतो, तुंबलेली मोरी उकरता येते. चाकात असताना त्याची चौकशी कुणी करत नाही.

नवा स्पोक मामांनी जुन्या तारांच्या मधून, काहींच्या वरून आणि शेवटच्या एकीच्या खालून वाकवत नेला, निप्पल बसवलं. रिमच्या आत डोकावणारं टोक कानशीने घासलं, नाहीतर तेच ट्यूबमध्ये घुसतं आणि मग आपल्याला मानाचं पंक्चर मिळतं. चाक पुन्हा फ्रेममध्ये चढवून त्यांनी रिमजवळ खडू धरला. फिरवलं. जिथे खडूची रेघ उमटली तिथे पाव वळसा, समोरच्या बाजूला पाव वळसा. मध्येच बोटाने एकेक तार छेडून कान देत होते, मैफलीआधी तंबोरा लावावा तसे. काकांनी मघाशी आवळलेल्या तारेपाशी त्यांचं बोट थांबलं, पण ते काही बोलले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा.

रेघ आखूड होत होत नाहीशी झाली. काकांना आता राहवेना.

"मामा, एक सांगा. सायकलवर बसल्यावर हब वरच्या तारांना लटकतो की खालच्या तारांवर उभा राहतो?"

मामांनी चाकाला शेवटचा गरका दिला. "हब फिरतो, काका. जरा उजेड सोडा."

मी पैसे किती झाले विचारलं. "शंभर," मामा म्हणाले आणि मागचं चाक अंगठ्याने दाबून बघत पुढे म्हणाले, "याच बाजूचे अजून दोन-तीन जातील महिन्याभरात. वय झालंय त्यांचं. पण एकेक तुटला की धावत येऊ नका. सगळे तुटू देत, मग या. फ्रीव्हील रोज रोज नाही खोलत मी."